विसाव्या वर्षी रिकामा झालेला टॉपर

तिसऱ्या वर्षी ग्रीक, बाराव्या वर्षी तर्कशास्त्र, सतराव्या वर्षी नोकरी. आणि विसाव्या वर्षी सकाळी उठायचं कशासाठी, हेच कळेना! जॉन स्टुअर्ट मिलला नैराश्यानं गाठलं तेव्हा त्याच्याकडे ना समुपदेशक होता, ना मन मोकळं करायला कुणी मित्र. तो त्यातून कसा सावरला, त्याची ही गोष्ट.

गेल्या वर्षी एका सकाळी फोनवर मेल आला. ज्या संधीसाठी मी दोन महिने धडपडत होते, ती मिळाली होती. रूममेट आनंदानं ओरडलीच. मी मेल पुन्हा एकदा वाचला, फोन पालथा ठेवला आणि कूस बदलून झोपले. आनंद झाला नाही. वाईटही वाटलं नाही. काहीच वाटलं नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. पुढचे कितीतरी दिवस मी लेक्चरला बसत होते, सबमिशन करत होते, ग्रुपवर हसरे इमोजी टाकत होते. आत मात्र सगळं बंद पडलेलं.

त्याच दिवसांत एका पेपरसाठी जॉन स्टुअर्ट मिल वाचायचा होता. आमच्या बॅचसाठी मिल म्हणजे दहा मार्कांचा प्रश्न. 'ऑन लिबर्टी', अभिव्यक्तिस्वातंत्र्य, उपयुक्ततावाद, संपला मिल. लायब्ररीत त्याचं आत्मचरित्र हाती लागलं. नोट्स काढायच्या म्हणून चाळत होते आणि पाचव्या प्रकरणाशी येऊन थबकले. १८२६ सालच्या लंडनमधला वीस वर्षांचा मुलगा माझ्या त्या सकाळीबद्दलच लिहीत होता, असं वाटलं.

बाबांचा प्रोजेक्ट

जॉनचा जन्म २० मे १८०६ चा, लंडनमधला. नऊ भावंडांत तो थोरला. वडील जेम्स मिल हे मूळचे स्कॉटलंडचे, एका चांभाराचे चिरंजीव. शिक्षणाच्या जोरावर ते वर आलेले. त्यामुळे शिक्षणानं माणूस हवा तसा घडवता येतो, यावर त्यांचा ठाम विश्वास. त्यांचे मित्र होते जेरेमी बेंथॅम. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख ज्यात आहे ते योग्य, असं सांगणारे तत्त्वज्ञ. या दोघांच्या विचारांचा वारसा चालवायला कुणीतरी हवं होतं, आणि जॉन घरातच होता.

मग काय, तिसऱ्या वर्षी ग्रीक सुरू! त्या काळी ग्रीक-इंग्रजी असा सोयीचा शब्दकोश नव्हता, आणि लॅटिन तर जॉनला अजून येत नव्हतं. म्हणून तो वडिलांच्याच टेबलाशी बसायचा आणि प्रत्येक अडलेला शब्द त्यांना विचारायचा. वडील तेव्हा भारताचा जाडजूड इतिहास लिहीत होते. (त्यांनी भारत कधीच पाहिला नव्हता, हा भाग वेगळा.) आठव्या वर्षी लॅटिन, पाठोपाठ भूमिती आणि बीजगणित, बाराव्या वर्षी तर्कशास्त्र, तेराव्या वर्षी अर्थशास्त्र. सकाळी नाश्त्याआधी वडिलांबरोबर फिरायला जायचं, तर तिथेही सुटका नाही. आदल्या दिवशी जे वाचलं त्याची टिपणं कागदाच्या चिठ्ठ्यांवर काढलेली असायची. ती बघून चालता चालता सगळं सांगायचं.

शाळा नाही, सुट्टी नाही, बरोबरीची मुलं नाहीत. खेळणी जवळजवळ नव्हतीच. गोष्टीची पुस्तकं नातेवाइकांकडून येतील तेवढीच. त्यातलं 'रॉबिन्सन क्रूसो' त्याच्या फार आवडीचं. एकट्या बेटावर अडकलेल्या माणसाची गोष्ट या मुलाला का आवडली असेल, ते सांगायला नको. शिवाय धाकट्या भावंडांना शिकवायचं काम त्याच्याकडेच. त्यांचं काही चुकलं तर बोलणी यालाही खावी लागायची.

वडील मारकुटे नव्हते. त्यांनी स्वतःचे तासन् तास या मुलाच्या शिक्षणावर घालवले. पण त्यांच्याकडे माया दाखवण्याची रीत नव्हती. भावना उघड दाखवणं त्यांना कमीपणाचं वाटे. जॉननं पुढे लिहिताना वडिलांबद्दल आदर ठेवला आणि हेही लपवलं नाही, की आपण त्यांच्या धाकात वाढलो.

चौदाव्या वर्षी जॉन पहिल्यांदा घराबाहेर पडला. बेंथॅमच्या भावाच्या कुटुंबाबरोबर वर्षभर फ्रान्सला. निघण्यापूर्वी वडील त्याला हाइड पार्कमध्ये फिरायला घेऊन गेले. तुझ्या वयाच्या मुलांपेक्षा तुला खूप जास्त येतं हे आता तुझ्या लक्षात येईल, पण त्यात तुझी काही करामत नाही, तुला शिकवायला वेळ काढणारा बाप मिळाला म्हणून हे झालं, असं त्यांनी समजावलं. कौतुकाच्या बाबतीत आमच्या घरांतही साधारण हाच हिशोब असतो ना! फ्रान्समध्ये त्यानं पिरेनीज पर्वत पाहिला, रानावनात फिरला, झाडं-पानं गोळा करायला शिकला. ही झाडं-पानं पुढे आपल्या गोष्टीत परत येणार आहेत.

सगळं छान चाललेलं असताना

परत आल्यावर पंधराव्या वर्षी त्यानं बेंथॅमचे विचार नीट वाचले आणि त्याला आयुष्याचं ध्येय सापडलं. जग सुधारायचं! मे १८२३ मध्ये, सतरा वर्षांचा झाल्या झाल्या, तो ईस्ट इंडिया कंपनीत लागला. वडील तिथेच अधिकारी होते. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या इंडिया हाउसमध्ये बसून भारतात पाठवायच्या खलित्यांचे मसुदे करायचे, असं काम.

आता त्याचं विशीतलं टाइमटेबल बघा. आठवड्यातून दोनदा ऑफिसच्या आधी, सकाळी साडेआठ ते दहा, मित्रांबरोबर अभ्यासमंडळ. मग ऑफिस. संध्याकाळी वादसभा. मासिकांसाठी लेख. जर्मन शिकणं चालू. वर बेंथॅमच्या न्यायालयीन पुराव्यांवरच्या प्रचंड हस्तलिखिताचं संपादन, जे छापून आलं तेव्हा पाच खंड झाले. लिंक्डइन असतं तर या मुलाचं प्रोफाइल बघून आपल्याला रात्री झोप लागली नसती.

ओळखीतल्या काही लोकांना मात्र तो जरा विचित्र वाटे. पढवलेली मतं घडाघडा बोलून दाखवणारा, कारखान्यात तयार केलेला माणूस, अशी त्याची ख्याती होती. हे त्याला नंतर एका मित्राकडून कळलं.

तो एक प्रश्न

१८२६ च्या शरद ऋतूत मिलला मरगळ आली होती. एरवी ज्यात मजा वाटायची त्यात काही वाटेना. अशात त्यानं स्वतःला एक प्रश्न विचारला. समजा, समाजात ज्या सुधारणा व्हाव्यात म्हणून मी झटतोय, त्या सगळ्या आत्ता या क्षणी झाल्या, तर मला खूप आनंद होईल का?

मनानं स्वच्छ उत्तर दिलं, की नाही होणार.

आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. ज्या ध्येयावर आयुष्य उभं केलं, ते गाठल्यावरही जर काही वाटणार नसेल, तर ते गाठायची धडपड तरी कशासाठी? प्लेसमेंट झाली, सीईटीत रँक आला, एमपीएससीची यादी लागली आणि तरी आत सगळं सुन्न, असं ज्यांनी अनुभवलंय त्यांना हे वेगळं समजवायला नको.

एका रात्रीच्या झोपेनं ठीक होईल असं त्याला आधी वाटलं. झालं नाही. डोळा उघडला की तेच आठवायचं. कुणाशी बोलताना तेच, काम करताना तेच. आवडती पुस्तकं काढून बसला. थोर माणसांची जी चरित्रं वाचून पूर्वी अंगात वीज संचारायची, ती नुसती अक्षरं वाटायला लागली.

तरी काम थांबलं नाही. लहानपणापासूनची शिस्त इतकी मुरलेली, की यंत्र चालू राहिलं. ऑफिसला जात होता, वादसभेत भाषणंही करत होता. पण नंतर लिहिताना तो सांगतो, की त्या सभेत आपण चार वर्षं बोललो, त्यातल्या या एका वर्षाचं आपल्याला जवळजवळ काहीच आठवत नाही. बाहेरून बघणाऱ्या कुणालाही काही बिघडलंय असं वाटलं नसेल. आपणही म्हणतोच ना, अरे, तो तर रोज येतो, हसतो, त्याला कसलं डिप्रेशन!

सांगणार कुणाला? वडिलांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता. त्यांना हे समजणार नाही याची त्याला खात्री होती. त्यांची शिक्षणाची सगळी मेहनत फसली असं सांगून त्यांना दुखवावं, असंही वाटेना. आपलं दुःख मनापासून ऐकून घेईल असा मित्र नव्हता. शेक्सपिअरचा मॅकबेथ वैद्याला विचारतो, की मनाच्या दुखण्यावर तुझ्याकडे काही औषध आहे का. तो प्रसंग मिलला सारखा आठवायचा. पण ज्याला विचारावं असा वैद्य त्याच्या माहितीत नव्हता. असं किती दिवस काढता येईल, याचा त्यानं हिशोब केला. वर्षभराहून जास्त आपल्याच्यानं निघणार नाही, असं त्याला वाटलं.

असं झालं का?

मिलचे मित्र आणि चरित्रकार अलेक्झांडर बेन यांचं म्हणणं सरळ होतं. मेंदूवर अतोनात ताण पडला आणि तो थकला. आजच्या भाषेत बर्नआउट.

मिलचं स्वतःचं उत्तर वेगळं होतं. आपल्याला फक्त चिरफाड करायला शिकवलं, असं त्याला वाटलं. प्रत्येक गोष्टीचं विश्लेषण, प्रत्येक भावनेचं कारण. असं सगळं सुटं करत गेलं की भावनांची मुळं कुरतडली जातात. जहाज उत्तम बांधलं, सुकाणूही बसवलं, पण शिडंच लावली नाहीत, अशा अर्थाची उपमा त्यानं स्वतःसाठी वापरली.

दोन्ही उत्तरांत तथ्य असेल. आज डॉक्टर सांगतात, की नैराश्याचं एकच एक कारण क्वचितच असतं. शरीर, आनुवंशिकता, परिस्थिती, एकटेपणा, ताण, असं बरंच काही एकत्र येतं. म्हणून वडिलांना खलनायक ठरवून मोकळं होणंही बरोबर नाही.

डोळ्यांत आलेलं पाणी

हिवाळा तसाच गेला. मग एके दिवशी तो मार्मोंतेल नावाच्या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचत होता. त्यात एक प्रसंग आहे. वडील वारलेत, घर कोसळल्यासारखं झालंय, आणि तेव्हा पोरसवदा असलेल्या मार्मोंतेलला अचानक वाटतं, की यापुढे या माणसांसाठी मीच सगळं होईन, जे गेलं त्याची उणीव मी भरून काढीन. तो प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहिला आणि मिलला रडू आलं.

त्या रडण्यानं त्याला जो दिलासा मिळाला तो कुठल्या यशानं मिळाला नव्हता. आपण दगड झालेलो नाही, आत अजून काहीतरी जिवंत आहे, हे त्याला कळलं. तिथपासून ओझं कमी होऊ लागलं. ऊन, आकाश, पुस्तकं, गप्पा, लोकांसाठी करायचं काम, यांत पुन्हा थोडी थोडी गोडी वाटू लागली.

वडिलांच्या मृत्यूच्याच प्रसंगाला रडू का आलं, यावर अभ्यासकांनी नंतर बरंच लिहिलंय. त्यात आपण नको पडायला.

सिनेमात असतं तसं इथून पुढे सगळं मस्त झालं का? नाही. तो पुन्हा पुन्हा घसरला. काही वेळा तर महिनोन् महिने. पण पहिल्यासारख्या तळाला परत कधी गेला नाही, असं त्यानं नोंदवलंय. मला पुस्तकातला हाच भाग सगळ्यात खरा वाटला.

त्यानं काय बदललं?

पहिली गोष्ट म्हणजे त्यानं सुखाचा पाठलाग सोडला. माणसानं सुखी व्हावं हे त्याचं मत कायम होतं. पण सुख हेच निशाण धरलं तर ते हाती लागत नाही, या निष्कर्षाला तो आला. दुसऱ्या कशात तरी मन घालावं, एखाद्या कामात, कलेत, कुणाच्या तरी भल्यात, आणि सुख वाटेत भेटेल तेव्हा भेटेल. मी सुखी आहे का, असं दर तासाला तपासत बसलं की असलेलं सुखही उडून जातं. दिवसातून दहा वेळा स्वतःचा मूड चेक करणाऱ्या माझ्यासारखीला हे नेमकं लागलं.

दुसरी गोष्ट म्हणजे, बुद्धीला जसा खुराक लागतो तसा भावनांनाही लागतो, हे त्यानं मान्य केलं. ज्या घरात कवितेला फारसं मोल नव्हतं, तिथला हा मुलगा आता संगीत आणि कविता औषधासारखी घ्यायला लागला.

संगीताची गंमत ऐका. सावरायला लागल्यावर त्याला वेबर या संगीतकाराचा 'ओबेरॉन' हा ऑपेरा ऐकायला मिळाला. बरं वाटलं. पण लगेच नवी काळजी! सप्तकात सूर मोजकेच. त्यांच्या जुळण्या कधीतरी संपणार. मग नवं संगीत कुठून येणार? ओव्हरथिंकिंगला वय नसतं आणि शतकही नसतं. हे आपणच पुढे त्यानं हसत हसत सांगितलंय, आणि हसता येणं हीसुद्धा बरं होण्याची खूण असावी.

कवितेत आधी त्यानं बायरन घेतला. दुःखी, उद्विग्न, सगळ्याला कंटाळलेल्या नायकांचा कवी. काही उपयोग झाला नाही, कारण बायरनची मनःस्थिती त्याच्याच मनःस्थितीसारखी होती. रात्री दोन वाजता सॅड प्लेलिस्ट लावून पडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

मग १८२८ च्या शरद ऋतूत वर्ड्सवर्थ हाती आला. त्याच्या कवितांतले डोंगर वाचताना चौदाव्या वर्षी पाहिलेलं पिरेनीज आठवलं. पण नुसतं निसर्गवर्णन नव्हतं ते. साध्या गोष्टींतून मिळणारा शांत आनंद तिथे होता, आणि तो कुणालाही, कुणाचं काही न हिरावता मिळू शकत होता. जगातली सगळी दुःखं उद्या संपली तरी माणसाला आनंद वाटावा असं काही उरेल का, या त्याच्या मूळ प्रश्नाला इथे उत्तर मिळालं. उरेल. १८३१ मध्ये तो वर्ड्सवर्थच्या गावाकडे, लेक डिस्ट्रिक्टमध्ये पायी भटकून आला आणि कवीला भेटलाही.

तिसरी गोष्ट म्हणजे माणसं. वादसभेत त्याला जॉन स्टर्लिंग आणि फ्रेडरिक मॉरिस भेटले. त्यांची मतं त्याच्या वडिलांच्या मतांच्या अगदी उलट होती. जुन्या गोटातल्यांनी भुवया उंचावल्या. तरी स्टर्लिंग त्याचा जिवलग झाला. ज्याच्यापुढे हुशार दिसायची गरज नाही असा मित्र त्याला बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी मिळाला.

आणि चौथी गोष्ट, चालणं. सुट्टीच्या दिवशी तो लंडनबाहेर मैलोन् मैल चालायचा. खिशात गोळा केलेली फुलं-पानं. वनस्पती ओळखून जपून ठेवायचा हा नाद आयुष्यभर टिकला. यात करिअर नव्हतं, जग सुधारणं नव्हतं. नुसता आनंद होता.

पुढचा मिल

१८३० मध्ये त्याची हॅरिएट टेलरशी ओळख झाली. ती विवाहित होती. लोकांनी नावं ठेवली, पण दोघांची मैत्री टिकली आणि तिच्या पतीच्या निधनानंतर १८५१ मध्ये त्यांनी लग्न केलं. १८३६ मध्ये वडील वारले तेव्हा मिल पुन्हा आजारी पडला. एका डोळ्यावरची शीर उडायची, ती कायमची. त्या वेळी मात्र तो रजा घेऊन युरोपात विश्रांतीला गेला. विशीत जे जमलं नव्हतं ते तिशीत जमलं. थांबणं.

मग मोठी पुस्तकं आली. १८४३ मध्ये तर्कशास्त्रावरचं, १८४८ मध्ये अर्थशास्त्रावरचं. १८५८ मध्ये कंपनीचा कारभार ब्रिटिश सरकारकडे गेला आणि मिल निवृत्त झाला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये आव्हिन्यो इथे हॅरिएट गेली. तिच्या दफनभूमीजवळच त्यानं घर घेतलं. मोडून पडेल असा हा घाव. पण १८५९ मध्ये 'ऑन लिबर्टी' आलं, तिला अर्पण केलेलं. पुढे तो खासदार झाला. १८६६ मध्ये स्त्रियांच्या मताधिकाराचा अर्ज त्यानं संसदेत मांडला आणि १८६७ मध्ये कायद्यात 'पुरुष'ऐवजी 'व्यक्ती' असा शब्द घाला अशी दुरुस्ती सुचवली. ती पडली, तरी ७३ मतं मिळाली. १८६९ मध्ये स्त्रियांच्या गुलामगिरीवरचं त्याचं पुस्तक आलं.

त्याला देव करायचं कारण नाही. ३५ वर्षं ज्या देशाच्या कारभाराचे कागद त्यानं लिहिले, तो भारत स्वराज्याला अजून लायक नाही, असंच त्याचं मत होतं. आपल्याला ते टोचणारच. तरी त्याचीच पुस्तकं वाचून पुण्यातल्या एका तरुणानं स्वातंत्र्याचा आणि स्त्रियांच्या हक्कांचा विचार मराठीत धारदारपणे मांडला. गोपाळ गणेश आगरकर. 'सुधारक'कारांच्या बुद्धिवादामागे मिल आणि स्पेन्सर आहेत, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. याच आगरकरांनी शेक्सपिअरचा उदास राजपुत्र हॅम्लेट 'विकारविलसित' नावानं मराठीत आणला.

७ मे १८७३ रोजी आव्हिन्योत मिल वारला. त्याच्या काही दिवस आधीच तो निसर्गअभ्यासक फाब्र यांच्याबरोबर वनस्पती शोधत मैलोन् मैल भटकून आला होता. विसाव्या वर्षी ज्याला आणखी एक वर्ष निघेल असं वाटत नव्हतं, तो त्यानंतर ४६ वर्षं जगला. आत्मचरित्र त्याच वर्षी, मृत्यूनंतर छापलं गेलं. घरात कुणालाही जे सांगता आलं नव्हतं ते त्यानं सगळ्या जगाला सांगितलं.

माझ्यापुरतं

ते प्रकरण वाचून माझं डिप्रेशन गेलं, असं मी म्हणणार नाही. पुस्तकानं तसं होत नाही. एवढंच झालं, की त्या रात्री मी रूममेटला म्हटलं, मला बरं वाटत नाहीये, आणि हे तापाबिपाचं नाहीये. तिनं सल्ला दिला नाही. चहा केला आणि बसून राहिली. दोन दिवसांनी आईला फोन केला. आई म्हणाली, अगं, मग सांगायचं नाही का? पुढच्या आठवड्यात तिच्याच आग्रहानं समुपदेशकांकडे गेले. सहा सेशन झाले. अजूनही काही सकाळी जड जातात. त्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत चालत जाऊन येते.

मिलला हे सगळं एकट्यानं, चाचपडत शोधावं लागलं. त्याच्यावर ती वेळ आली कारण १८२६ मध्ये दुसरा मार्गच नव्हता. आपल्याला आहे. म्हणून खालची चौकट कापून ठेवा, नाहीतर फोटो काढून ठेवा.

आपण काय करू शकतो?

• मूड आला की करू, असं म्हणत थांबू नका. आधी छोटंसं काम करा. अंघोळ, दहा मिनिटं चालणं, एका मित्राला फोन. कृती आधी, मूड मागून. 'बिहेविअरल ॲक्टिव्हेशन' ही उपचारपद्धती याच तत्त्वावर चालते.

• दिवसाचा साधा आराखडा करा. उठायची, जेवायची, झोपायची वेळ शक्यतो तीच ठेवा. यादीत दोनच कामं लिहा आणि झाली की खूण करा.

• मी आनंदी का नाही, हा प्रश्न दिवसभर घोळवू नका. हात आणि डोळे गुंततील असं काहीतरी घ्या. चित्र, स्वयंपाक, कुंडीतली झाडं, धाकट्या भावंडाचा अभ्यास.

• काय ऐकता, काय बघता याकडे लक्ष द्या. ज्यानं आणखी खोल जायला होतं ते काही दिवस बाजूला ठेवा. दारू आणि नशेपासून लांब राहा.

• एका तरी माणसाला सांगा. पहिल्यानं उडवून लावलं तर दुसऱ्याला सांगा.

• बरं वाटल्यावर पुन्हा घसरलात तर आधीची मेहनत वाया गेली असं समजू नका. चढउतार होतातच.

• उदासी किंवा कशातच रस नसणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, झोप-भूक-एकाग्रता बिघडली, रोजची कामं होईनाशी झाली, तर स्वतःच्या उपायांवर अडून बसू नका. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. गोळ्या लागल्या तर त्या त्यांच्याच सल्ल्यानं घ्या आणि त्यांच्याच सल्ल्यानं थांबवा.

• आपण नसलेलंच बरं, असे विचार येत असतील तर आजच, आत्ता कुणाशी तरी बोला आणि एकटे राहू नका. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. मराठीतही बोलता येतं.